उपाशी हातचा हार

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आभाळ आलं आणि महांतप्पाचं डोकं फिरलं. गावात बाकीच्यांचंही फिरलं होतं, पण त्यांचं कारण वेगळं होतं. कुणाचा जोंधळा कापून रानात आडवा पडला होता, कुणाचा हरभरा उपटायचा राहिला होता. हरभरा तर महांतप्पाचाही उभाच होता. त्याला मात्र फिकीर साखरेची. हवेत ओल आली की साखरेच्या गाठी घामेजतात, साच्यातून निघताना तुटतात, दोऱ्यावरून घसरतात. अंगणात उभा राहून तो आभाळाकडं असा बघत होता, जसं काही ते शेजाऱ्याचं ढोर आहे आणि हाकललं की जाईल.

उमरग्याच्या अलीकडच्या सात-आठ गावांत होळीला पोरांच्या गळ्यात आणि पाडव्याला गुढीवर जो साखरेचा हार चढतो, तो महांतप्पाच्या घरचा. पण हंगाम उघडायचा तो शिवरात्रीला. त्या दिवशी वर्षाची पहिली कढई चढायची आणि पहिला हार ओढ्याकाठच्या महादेवाला जायचा. तो गेल्याशिवाय दुसरा साचा भरायचा नाही, आणि त्या कढईतली साखर कुणी जिभेला लावायची नाही. शिवाय कढईपुढं बसणाऱ्याच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नको, पाण्याचा थेंबही नको. संध्याकाळच्या पूजेला देवळातले गुरुलिंग स्वामी हार हातात घेऊन विचारायचे, "कुणाच्या हातचा?" महांतप्पानं म्हणायचं, "उपाशी हातचा." मग हार पिंडीवर चढायचा. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. एक वर्ष चुकलं असतं तर आभाळ कोसळलं असतं असं नाही, पण महांतप्पाला तसंच वाटायचं.

अडचण अशी होती की दोन वर्षांपूर्वी त्याच्या रक्तातच साखर निघाली. साखरवाल्यालाच साखर, म्हणून गावानं महिनाभर मजा केली. उमरग्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली आणि सून शिवकांता हिला समोर बसवून बजावलं, "जेवण नाही तर गोळी नाही. उपाशीपोटी गोळी घेतली तर साखर एकदम खाली जाते. दरदरून घाम, हाताला थरथर, बरळणं, असं दिसलं की आधी तोंडात साखर घालायची." शिवकांताला ते अक्षर न् अक्षर पाठ झालं. सासरा त्या वेळी दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतले मासे बघत होता.

म्हणून आदल्या संध्याकाळी तिनं विषय काढलाच.

"अप्पा, उद्या निरंकार उपास नको. जरा भगर खावा, दूध घ्यावा."

"आन कढईपुढं कोण बसंल? तुजा नवरा?"

"मग निदान गोळी तरी घेऊ नगा."

"बरं," अप्पा म्हणाला. इतक्या लवकर तो 'बरं' कधीच म्हणायचा नाही. पण शिवकांताला म्हशीची धार काढायची होती, तिनं ते 'बरं' तसंच उचललं.

पहाटे अप्पानं आंघोळ केली, कपाळावर विभूती ओढली, गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन पूजा केली आणि मग कोनाड्यातल्या गोळ्यांच्या पाकिटाकडं बघत जरा वेळ उभा राहिला. उपासाला काय चालतं याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का होता. भगर चालते, शेंगदाणे चालतात, हिरवी मिरची चालते, गावातल्या अर्ध्या लोकांना तंबाखूही चालते. मग गोळी का नाही चालणार? गोळी काय अन्न आहे? त्यानं ती पाण्याशिवाय, कोरडीच गिळली. पाण्याचा थेंब पोटात जाऊ दिला नाही, याचं त्याला वर समाधानच वाटलं.

त्याच वेळी शिवकांता चुलीपुढं होती. हरभरा उपटायचा तर दव असतानाच, उन्हात घाटे तडकतात. रानात सहा बायका येणार होत्या आणि सगळ्यांचा उपास. तिनं पातेलंभर भगर केली, शेंगदाण्याची आमटी केली, शेण काढलं, म्हशीला वैरण टाकली, साचे पाण्यात भिजत घातले आणि पाटी डोक्यावर घेऊन रानात गेली. तिथं तीही दोन सऱ्या उपटायला लागली. हरभऱ्याची आंब बोटांच्या भेगांत शिरली की मिठासारखी चरचरते. बायका फुंकर मारत, हसत, सासवांचे उपास आणि नवऱ्यांचे नखरे काढत पुढं सरकत होत्या. भगर वाढता वाढता पातेलं खरडलं गेलं.

"तू खाल्लीस का गं?" शेजारच्या उमादेवीनं विचारलं.

"घरी खाते की," शिवकांता म्हणाली आणि रिकामी पाटी घेऊन निघाली.

घरी आली तर अप्पानं जाळ लावला होता. कढईत साखर विरघळून वर मळी येत होती. शांतलिंग, म्हणजे तिचा नवरा, दोरा आणि कागद आणायला मोटरसायकल घेऊन उमरग्याला गेला होता. जाताना आईच्या फोटोपुढं हात जोडून म्हणाला होता, "माजा बी निरंकार हाय आज." शिवकांतानं पदर खोचला आणि कढईत दुधाचा शिपका मारला. मळी फाटून वर आली, ती झाऱ्यानं काढली. मग साचे पाण्यातून काढून पुसले. सागवानी साचे, सासऱ्याच्या आजोबांपासूनचे, दोन फळ्या एकमेकींवर बसवायच्या. आतल्या खाचांत दोरा ताणून धरायचा, वरून आवळायचं. हे सगळं नऊ वर्षं तीच करत आली होती. अप्पा फक्त दोन कामं करायचा. पाक झाला की नाही हे ठरवायचं, आणि ओतायचं. घरात मान त्या दोन कामांनाच होता.

अप्पा जाळापुढं उकिडवा बसला होता. गार पाण्यात बोटं बुडवून तीच उकळत्या पाकात घालायची, चिमूट उचलायची आणि पितळी वाटीतल्या पाण्यात गोल फिरवायची. विरघळली तर पाक कच्चा. घट्ट गोळी झाली तर पाक उतरवायचा. याला त्यांच्या धंद्यात 'गोळी घेणं' म्हणतात.

शिवकांताला एकदम आठवण झाली. साचा आवळता आवळता ती ओरडली, "अप्पा, गोळी घेतली न्हाय न्हवं?"

"आत्ताच घेतली की!" अप्पा वाटीत बोटं फिरवत म्हणाला. "कच्ची हाय अजून."

तिला हसू आलं. म्हातारा पाकात बुडालाय, त्याला दुसरी गोळी कुठली सुचायला! तिनं पुन्हा विचारलं नाही. पुढं कितीतरी दिवस तिला या हसण्याचा राग येत राहिला.

बाराच्या सुमाराला पाक उतरला. अप्पानं तो कढईच्या कडेला घोटून दुधाळ केला, तोटीच्या भांड्यात घेतला आणि धार न मोडता साच्यात सोडला. थोड्या वेळानं फळ्या उघडल्या. पांढराशुभ्र हार, खाली तळहाताएवढं पदक, त्यावर नंदी. अप्पानं तो दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. शिवकांतानं कौतुकानं बघितलं, आणि तिला दिसलं की हार हलतोय.

हार नव्हता हलत, अप्पाचे हात थरथरत होते. कपाळावरची विभूती घामानं ओघळून भुवईवर आली होती. जाळापुढं घाम येतोच, पण हा घाम मानेवरून, छातीवरून, सदऱ्यातून पाण्यासारखा चालला होता.

"अप्पा?"

"चन्नम्मा, साचा आन," अप्पा म्हणाला. चन्नम्मा ही त्याची बायको, तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

शिवकांताला डॉक्टरीणबाईंचं अक्षर न् अक्षर आठवलं. तिनं त्याला मागं टेकवलं. घरात साखरेची दोन पोती होती, पण दोन्हींची शिवण आवळलेली, आतल्या खोलीत. उघडी होती ती सगळी कढईत गेली होती आणि कढईतला पाक तर पोळणारा. तिनं त्याच्या मांडीवरच्या हाराची वरची गाठ धरली आणि कटकन मोडली.

त्या आवाजानं अप्पाचे डोळे जरा उघडले. त्यानं दात आवळले. "देवाचा हाय... उष्टा करू नगं."

"देवाचं मागनं बघू," ती म्हणाली, आणि गाठ पाट्यावर चिरडून तो भुगा बोटानं त्याच्या गालात सारला. "गिळा, अप्पा. माज्यासाठी गिळा."

तो आधी नुसताच बघत राहिला. मग जीभ हलली. तिनं पुन्हा भुगा लावला, दुसरी गाठ मोडली, तिसरी मोडली. ती मोठ्यांदा रडत होती, पण हात थांबवत नव्हती. दहा-पंधरा मिनिटांनी अप्पानं तिचा हात धरला आणि बाजूला केला.

"साकु," तो कानडीत म्हणाला. "साकु गं, पुरे." आणि मोडक्या हाराकडं बघून त्यानं डोळे मिटून घेतले.

तिनं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई आधी रागावल्या, मग म्हणाल्या, आता दूध-केळं खाऊ घाला, दर दोन तासांनी काहीतरी द्या, एकटं सोडू नका, आज गोळी बंद, उद्या जेवल्यावर द्या. पुन्हा तसं वाटलं तर उचलून घेऊन या. शिवकांतानं खाट ओढून कढईजवळच लावली आणि अप्पाला केळं भरवलं. तो मुकाट खात होता. भरल्या पोटाचा महांतप्पा शिवरात्रीच्या दिवशी कुणी बघितला नव्हता. त्यालाच स्वतःकडं बघवत नव्हतं.

"पाटंची गोळी चालती म्हनून घेतली," तो हळूच म्हणाला. "उपासाला चालती वाटलं मला."

शिवकांताला ओरडावंसं वाटलं, आणि त्याच्या तोंडाकडं बघून ओरडवलंही नाही.

दोनच्या पुढं शांतलिंग आला. सगळं ऐकून त्याचा चेहरा उतरला. बापाच्या पायाशी बसून तो पाय चेपायला लागला. बाप म्हणाला, "पाय राहू दे. पूजेला चार तास हायेत. पोतं उसव, कढई चढव आन तू बस पुढं. तुजा तरी उपास हाय."

शांतलिंगचे हात थांबले. तो खाली बघायला लागला.

"हाय न्हवं?"

"अप्पा, त्ये... स्टँडवर गाड्यावाल्यानं गरम भजी काढली..."

"किती?"

"येकच प्लेट."

अप्पा भिंतीकडं तोंड करून निजला. त्याच्या पाठीवरूनच कळत होतं की त्याच्या दृष्टीनं सगळं संपलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा देवाची पिंडी मोकळी राहणार होती, आणि तीही एका प्लेट भज्यांपायी.

शिवकांतानं आतून पोतं ओढत आणलं. विळ्यानं शिवण उसवली, घमेल्यानं साखर कढईत टाकली, पाणी ओतलं आणि चुलीत पळाट्या सारल्या.

"काय करती?" अप्पानं मान वळवली. "उपाशी मानूस कोन हाय घरात?"

"म्या हाय."

"तू? तू रानात भगर घिऊन गेल्तीस की."

"सा बायकांत पातेलं खरडलं. मग हितं आले तर तुमची कढई चढली व्हती. मग तुमी पडला." ती जाळ फुंकत होती, डोळ्यांत धूर गेला होता. "म्या उपास धरला न्हाय, अप्पा. जेवायलाच झालं न्हाय. पर पोटात काल रातीपसनं कायबी न्हाय. पानी बी न्हाय."

शांतलिंगनं उगाच साचा उचलून पुन्हा खाली ठेवला. अप्पा खाटेवर उठून बसला आणि सुनेकडं बघत राहिला. सकाळपासून ती त्याच्यासमोरच वावरत होती, आणि तू जेवलीस का, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला त्या क्षणी स्वतःच्या चाळीस उपासांची लाज वाटली.

"बस," तो म्हणाला. "पुढं बस."

पाक चढायला लागला. बुडबुडे आधी मोठे आणि सैल, मग बारीक आणि जड. बाहेर आभाळ आणखी काळवंडलं होतं, वारा पडला होता. शिवकांतानं गार पाण्यात बोटं बुडवली आणि पाकात घातली. आंबीनं फाटलेल्या भेगांत तो शिरला तशी तिच्या तोंडून 'स्स' निघालं. वाटीत चिमूट विरघळून गेली. तिनं पुन्हा घेतली, पुन्हा विरघळली. बोटांची टोकं लाल झाली होती. तिसऱ्या वेळी घट्टशी गोळी जमली.

खाटेवरून अप्पा म्हणाला, "झाली. उतरव."

तिनं गोळी दाबून बघितली. नेहमीच्या दिवशी ही गोळी चालली असती.

"न्हाय, अप्पा. आबाळ आलंय. आजून येक कढ देते."

"जळंल. पिवळा पडंल."

"न्हाय जळत."

चाळीस वर्षांत त्या कढईपुढं कुणी महांतप्पाला 'न्हाय' म्हटलं नव्हतं. शांतलिंगनं श्वास रोखून बापाकडं बघितलं. शिवकांता कढईवर वाकून बुडबुड्यांचा आवाज ऐकत होती. मग तिनं चौथी गोळी घेतली आणि वाटीच्या काठावर टाकली. टक् वाजलं.

"धरा कढई," ती नवऱ्याला म्हणाली.

तिनं पाक घोटला, भांड्यात घेतला आणि साच्यात धार सोडली. पहिल्या खाचेपाशी धार जराशी हेलपाटली, मग सरळ झाली. फळ्या उघडल्या तेव्हा हार सुटा, कोरडा, खणखणीत निघाला. पांढराच होता. नंदीचं एक शिंग तेवढं अर्धवट आलं होतं. अप्पानं गाठीवर नख मारून बघितलं, कानाशी धरून बघितलं आणि हार परातीत ठेवला. आधीचा मोडका हार अजून पाट्याजवळ पडला होता. त्याच्या गाठींना घाम फुटला होता.

दिवेलागणीच्या आधी ती तिघं देवळात पोचली. अप्पा सुनेच्या खांद्याला धरून चालत होता. बातमी त्यांच्या आधीच पोचली होती, कारण उमादेवीचं घर मध्ये लागतं. देवळासमोरची माणसं सरकली, कुजबुजली. कढईपुढं बाई बसली, हार उष्टा झाला, म्हाताऱ्यानं केळं खाल्लं. महांतप्पा मान खाली घालून त्यांच्यामधून गेला. त्याला असं चालायची सवय नव्हती.

गुरुलिंग स्वामींनी परातीतला हार उचलला. वळवून पाहिला, शिंगाकडं बघून जरा थांबले. मग दरवर्षीसारखं विचारलं, "कुणाच्या हातचा?"

"उपाशी हातचा," अप्पा म्हणाला. पण या वेळी तो तिथंच थांबला नाही. "माज्या न्हाय, स्वामी. माजा उपास दुपारीच गेला. ह्यो माज्या सुनंच्या हातचा. शिवकांताच्या."

"तुमचा उपास मोडला म्हनायचा?"

अप्पानं मान वर केली. आता त्याला माणसांची फिकीर नव्हती. "मोडला न्हाय, स्वामी. तिनं सोडवला. न्हायतर आज माजी तिरडी आली असती हितं."

स्वामींनी शिवकांताकडं बघितलं. तिनं भाजलेली बोटं पदराखाली घेतली. "लई येळ झाला," स्वामी म्हणाले, "देव वाट बघतोय," आणि त्यांनी हार पिंडीवर चढवला. घंटा वाजली. मागून कुणीतरी म्हणालं, "हार झ्याक झालाय पर," आणि उमादेवी ठसक्यात म्हणाली, "मग? आमच्या शेजारचा हाय."

शिवकांतानं त्या दिवशी देवळातलं तीर्थही घेतलं नाही. आता धरलाच आहे तर पुरा करते, म्हणाली. नवऱ्यानं म्हशीची धार काढली, आणि ती काढताना दोनदा लाथ खाल्ली.

सकाळी आभाळ निवळलं होतं. देवळातून हार परत आला. त्या घरचा रिवाज असा, की पदक फोडायचं आणि पहिला तुकडा ओतणाऱ्याच्या तोंडात घालून उपास सोडायचा. अप्पानं पदक फोडलं आणि अर्ध्या शिंगाचा तुकडा सुनेच्या तोंडापुढं धरला. तिनं लाजून हातात घेतला आणि तोंडात टाकला. नऊ वर्षांत त्या साच्यातली साखर तिनं पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी चाखली होती. ती इतकी गोड असते हे ती विसरूनच गेली होती.

मग ती लगेच उठली. भाकरी थापल्या, हरभऱ्याच्या वाळल्या पाल्याची भाजी परतली, सासऱ्याचं ताट वाढलं, नवऱ्याचं वाढलं. अप्पा जेवला. तिनं कोनाड्यातलं पाकीट आणलं, एक गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"घ्या, अप्पा. आता घ्यायची गोळी."

अप्पानं मूठ मिटली. "तुजं ताट कुटाय?"

"माजं मागनं. आदी रानात जाऊन येते, हरभरा पडलाय."

"मग गोळी बी मागनं."

"आवं अप्पा!"

"डॉक्टरीनबाय काय म्हनली? जेवन न्हाय तर गोळी न्हाय. कुनाचं जेवन, त्ये कुटं सांगितलं तिनं?" तो शांतलिंगकडं वळला. "ऊठ रं, भजीखाऊ. तिला ताट वाढ."

शांतलिंग उठला. त्यानं दोन भाकरी वाढल्या, भाजी वाढली, बाजूला कांदा फोडून ठेवला. शिवकांता चुलीपाशी खाली बसली. पहिला घास मोडताना भाजलेली बोटं हुळहुळली, म्हणून तिनं दुसऱ्या बोटांनी मोडला. अप्पा समोर भिंतीला टेकून बसला होता, मिटलेली मूठ गुडघ्यावर ठेवून.

"सावकाश जेव," तो म्हणाला. "म्या हाय बसलेला."